जपानी आजी-आजोबांना रोबो खरंच आवडतो का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: पुण्यात एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांसाठी तुम्ही एक एआय उपकरण बनवताय. ते मराठीत बोलतं, गोळ्यांची आठवण करतं आणि घरात काही वेगळं जाणवलं तर मुलांना कळवतं. चाचणीसाठी दिलेल्या बऱ्याच घरांत ते आठवड्याभरात प्लगवरून उतरलं. एका आजोबांनी तर त्याच्यावर टॉवेल टाकून ठेवला होता. जपानमध्ये मात्र म्हातारी माणसं रोबोला मांडीवर घेऊन बसतात, ते त्यांच्या संस्कृतीतच आहे, असं तुम्ही वाचलंय. मग आपल्याकडे काय आडवं येतं, आणि जपानकडून काय घेता येईल?

मी जपानी पुण्यातच शिकले. आता नागोयाच्या आसपासच्या केअर होममध्ये नवीन उपकरणं आली की कर्मचाऱ्यांना ती शिकवायची आणि नातेवाइकांच्या बैठकीत प्रश्नांना तोंड द्यायचं, हे माझं काम आहे. टॉवेल टाकणारे आजोबा इथेही आहेत. भरपूर आहेत.

आधी तो संस्कृतीचा मुद्दा बाजूला करू, कारण तो प्रत्येक लेखात पहिल्या परिच्छेदात येतो आणि पुढचा विचार बंद करून टाकतो. शिंतो धर्मात दगडाझाडांतही देवत्व मानतात, लहानपणापासून कॉमिक्समध्ये रोबो मित्र असतो, म्हणून जपानी माणसाला यंत्र परकं वाटत नाही, अशी ती मांडणी. पुरावा म्हणून चिबा प्रांतातल्या इसुमी गावच्या कोफुकुजी देवळाचे फोटो दाखवतात. सोनी कंपनीचा आयबो हा रोबो कुत्रा १९९९ मध्ये आला, २००६ मध्ये त्याचं उत्पादन थांबलं आणि २०१४ मध्ये कंपनीची दुरुस्ती सेवाही बंद झाली. त्यानंतर बंद पडलेल्या आयबोंवर या देवळात रीतसर मंत्र म्हणून निरोपाचे विधी झाले. फोटो हृद्य आहेत, यात वाद नाही. पण त्या विधीला आलेले बरेच कुत्रे पुढे एका दुरुस्ती करणाऱ्या कंपनीकडे सुट्या भागांसाठी जायचे, म्हणजे हा निरोप बराचसा अवयवदानासारखा होता. मालकांनाही ते यंत्र आहे हे पक्कं ठाऊक होतं. जपानमध्ये मोडक्या सुयांचासुद्धा असा विधी होतो, मऊ तोफूत सुया खोचून त्यांना विश्रांती देतात. आपण नाही का दसऱ्याला लॅपटॉपला हळदकुंकू लावून झेंडूचं फूल वाहत? म्हणून काही त्या लॅपटॉपने आपल्या आईला आंघोळ घालावी असं आपल्याला वाटत नाही. अवजाराबद्दल कृतज्ञता वेगळी आणि म्हातारपणी अंगाला कोणाचा हात लागावा हा प्रश्न वेगळा.

आता आकड्यांकडे येऊ. जपानमध्ये पासष्टीच्या पुढची माणसं लोकसंख्येच्या २९ टक्क्यांवर गेली आहेत. ऐंशी ओलांडलेल्यांचं प्रमाण २०२३ मध्ये पहिल्यांदाच दहा टक्क्यांच्या वर गेलं. २०२४ मध्ये जन्मलेली जपानी बाळं सात लाखांच्याही खाली आली. केअरगिव्हर, म्हणजे म्हाताऱ्यांची काळजी घेणारे कर्मचारी, २०२२ मध्ये सुमारे २१ लाख ५० हजार होते. सरकारच्याच अंदाजाप्रमाणे २०४० मध्ये २७ लाख २० हजार लागतील. मधली पावणेसहा लाखांची तूट कशी भरायची, हा इथल्या एआयविषयीच्या सगळ्या सरकारी उत्साहाचा उगम आहे. रोबो हवेत हे म्हणणाऱ्यांत सर्वात मोठा आवाज अर्थ आणि उद्योग खात्यांचा असतो, त्याखालोखाल कंपन्यांचा, मग पन्नाशी-साठीतल्या मुलामुलींचा. ज्यांच्यासाठी हे सगळं चाललंय त्यांचा आवाज शेवटी, आणि तोही बहुधा कोणीतरी त्यांच्या वतीने काढलेला.

तरीही सर्वसामान्य लोकांना एकदा थेट विचारलं गेलं होतं. २०१३ मध्ये जपान सरकारच्या मंत्रिमंडळ कार्यालयाने काळजीच्या रोबोंवर सगळ्या वयाच्या प्रौढांचं मत घेतलं. घरात कोणाची सेवा करायची वेळ आली तर रोबो वापराल का, याला सुमारे ६० टक्के लोक हो म्हणाले. स्वतःची सेवा रोबोच्या मदतीने झाली तर चालेल का, याला हो म्हणणारे ६५ टक्के निघाले. स्वतःची सेवा करून घ्यायलाच जास्त लोक राजी! जगभरच्या बातम्यांनी याचा अर्थ ‘जपान्यांना रोबो आवडतात’ असा लावला. पण त्याच पाहणीत कारणंही विचारली होती. सर्वात जास्त लोकांचं म्हणणं होतं की सेवा करणाऱ्यावरचा ताण कमी होईल. पण दर दहांतल्या सुमारे चौघांनी जे कारण दिलं ते असं: काळजी घेणाऱ्याचा संकोच करावा लागणार नाही.

माझ्या सगळ्या उत्तराचा गाभा त्या एका कारणात आहे. म्हाताऱ्या माणसाला यंत्र हवं असतं ते जिथे दुसऱ्या माणसासमोर ओशाळं व्हावं लागतं तिथे. जिथे यंत्र आल्यामुळे माणूस यायचा बंद होईल अशी शंका येते, तिथे तेच यंत्र नकोसं होतं. यंत्र तेच, एआय तेच, म्हातारी व्यक्तीही तीच. तुमच्या आजोबांनी टॉवेल टाकला तो यापैकी कुठल्या बाजूला, हे तुम्ही विचारलंत का?

लघवीचं उदाहरण घेते, कारण त्यावर बैठकांत कोणी मोकळं बोलत नाही आणि प्रत्यक्षात सगळा दिवस त्याच्याभोवती फिरतो. ओटीपोटावर चिकटवायचं एक छोटं अल्ट्रासाउंड उपकरण इथे मिळतं. मूत्राशय किती भरलंय ते पाहून ते आधीच सूचना देतं की आता न्यायला हवं. २०२२ च्या एप्रिलपासून हा प्रकार दीर्घकालीन काळजी विम्याच्या, म्हणजे म्हातारपणीच्या सेवेसाठीच्या सरकारी विम्याच्या, यादीतही आलाय, म्हणजे किमतीचा मोठा भाग विमा देतो. मी हे उपकरण पहिल्यांदा एका निवृत्त शिक्षकांना समजावत होते. ऐंशीच्या पुढचे, अर्धांगवायूनंतर व्हीलचेअरवर, बोलणं मोजकं. शरीरावर सतत काहीतरी चिकटवायचं म्हटल्यावर ते चिडतील अशी माझी समजूत. त्यांनी एकच विचारलं, ‘म्हणजे मला त्या मुलींना हाक मारायला लागणार नाही?’ नाही, त्यांच्या फोनवर आपोआप येईल. ‘मग लावा.’ मुली म्हणजे विशीतल्या केअरगिव्हर. हाक मारून शौचालयात न्यायला सांगणं आणि वेळ चुकली तर चादर बदलताना त्यांच्यासमोर पडून राहणं, यापेक्षा पोटावरचं यंत्र त्यांना हजारपट सुसह्य होतं.

याच गृहस्थांनी बोलणारा रोबो मात्र तिसऱ्या दिवशी खोलीबाहेर ठेवायला लावला. तो लहान मुलाच्या आवाजात ‘आज जेवलात का?’ विचारायचा. इथल्या केअर होममध्ये रहिवाशांना आडनावानंतर ‘सान’ हा आदराचा शब्द लावून हाक मारायची, ‘आजी-आजोबा’ म्हणायचं नाही, हा प्रशिक्षणाचा पहिला धडा असतो. आपल्याकडून आलेल्या मुलामुलींना तो जड जातो, त्यांना आजी म्हणण्यात माया वाटते. माणसांनी पाळायचा हा नियम यंत्र बनवणाऱ्यांना कोणी शिकवलेला नव्हता. ज्या माणसाने आयुष्यभर वर्गात शिस्त ठेवली त्याला खेळण्याने जेवणाची विचारपूस करावी, हे त्यांना रुचलं नाही. मला तरी त्यात तंत्रज्ञानाची भीती वगैरे काही दिसली नाही.

मांडीवरच्या रोबोचे फोटो तुम्ही पाहिलेत ते बहुतेक पारोचे असणार. सीलच्या पांढऱ्या पिलासारखा दिसणारा, पावणेतीन किलोच्या आसपास वजनाचा. ताकानोरी शिबाता या संशोधकांनी १९९३ पासून त्याच्यावर काम केलं, २००५ मध्ये तो बाजारात आला, आणि २००९ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने त्याला वैद्यकीय उपकरणाचा दर्जा दिला. सीलच का? मांजर आणि कुत्रा करून पाहिले होते. पण खरं मांजर कसं वागतं हे सगळ्यांना माहीत असतं, त्यामुळे नकली मांजर लगेच उघडं पडतं. सीलचं पिलू कोणी पाळलेलं नसतं, तुलनेला काही नाही. आणि पारो माणसासारखं बोलत नाही, हा त्याचा मोठा गुण. स्मृतिभ्रंश झालेल्या काही बायका त्याला थोपटत शांत होतात, संध्याकाळची ती ‘मला घरी जायचंय’ची बेचैनी थोडी ओसरते, हे मी पाहिलेलं आहे. त्याच टेबलावर दुसऱ्या टोकाला बसलेले गृहस्थ तोंड फिरवून घेतात, हेही पाहिलेलं आहे. एका नव्वदीच्या बाईंना नातेवाईक जरा हसत म्हणाले, ‘हा खरा नाही हं.’ त्या म्हणाल्या, ‘माहीत आहे की. दुपारी त्याची बॅटरी संपते.’ आणि थोपटत राहिल्या. लोक समजतात की म्हाताऱ्यांना फसवलं जातंय. कित्येकदा तसं नसतं, दोन्ही गोष्टी त्यांच्या डोक्यात एकदम असतात.

फोटोत न दिसणारी गोष्ट म्हणजे पारोला कोणीतरी आणून मांडीवर ठेवावं लागतं, शेजारी बसून दोन शब्द बोलावे लागतात, नंतर पुसून चार्जिंगला लावावं लागतं. कर्मचाऱ्याचं काम त्याने वाचत नाही, वाढतंच. काम वाढवूनही तो उपयोगी आहे, कारण कर्मचाऱ्याला त्या बाईंपाशी बसायला निमित्त मिळतं. ज्यांनी तो ‘माणसाऐवजी’ म्हणून घेतला, त्यांच्याकडे तो आता कपाटात असतो. रिकेन या जपानी संशोधन संस्थेने २०१५ मध्ये अस्वलाच्या तोंडाचा, माणसाला पलंगावरून उचलणारा रोबो जगासमोर आणला होता, आजही प्रत्येक सादरीकरणात त्याचा फोटो दिसतो. तो कधी विक्रीला आलाच नाही. सॉफ्टबँक कंपनीचा ‘पेपर’ हा बोलणारा रोबो २०१४ मध्ये वाजतगाजत आला, २०२० मध्ये त्याचं उत्पादन थांबवलं.

टिकलं काय, तर जे डोळ्यात भरत नाही ते. गादीखाली सरकवायची एक सपाट पट्टी असते. श्वास, हालचाल यांवरून ती सांगते की माणूस झोपलाय, जागा आहे, उठून बसलाय की पलंगावरून उतरला. नाइट ड्यूटीवरच्या मुलीच्या फोनवर खोल्यांची चौकट दिसते, प्रत्येकीत पलंगाचं छोटं चित्र. पूर्वी दर दोन तासांनी प्रत्येक खोलीत टॉर्च घेऊन जावं लागे, झोपलेला माणूस जागा होई, मग पुढे तासभर तो शौचालयाला, पाण्याला, कधी नुसताच हाक मारी. आता जो जागा आहे त्याच्याकडे जायचं. रहिवाशांची झोप सुधारते, कर्मचाऱ्यांची चिडचिड कमी होते, आणि गादीखाली काही आहे याची म्हाताऱ्यांना आठवणही राहत नाही. हे लिहिताना मला थोडं अवघडतंच, कारण आठवण राहत नाही म्हणजे संमती आहे असं होत नाही. आमच्याकडे संमतीपत्रावर सही असते ती मुलाची.

पहिले काही दिवस मात्र हाल होतात. पहाटे पावणेचारला तीन पलंग एकदम लाल होतात, मजल्यावर माणूस एकच. कोणाकडे आधी जायचं? यंत्र नव्हतं तेव्हा न दिसलेलं पडणं हा अपघात होता. आता ते फोनवर दिसलं होतं आणि तरी कोणी पोचलं नाही, असं होतं. कर्मचाऱ्यांचा विरोध असतो तो याला, संगणकाला नाही. त्यात भर म्हणून २०२४ मध्ये सरकारने नियम बदलला. खासगी निवासांत तीन रहिवाशांमागे एक कर्मचारी हे जे किमान प्रमाण होतं, ते अशी उपकरणं नीट वापरणाऱ्यांना अटींसह ०.९ पर्यंत उतरवायची मुभा मिळाली. कागदावर फरक जेमतेम दशांशाचा आहे. पण ‘यंत्र आलं की माणूस कमी होणार’ ही शंका कर्मचाऱ्यांच्या आणि रहिवाशांच्या मनात होतीच, तिला आता सरकारी शिक्का मिळाला. त्यानंतरच्या बैठकांत प्रश्नांचा सूर बदललेला मला स्पष्ट जाणवला.

घरात राहणाऱ्यांची गोष्ट निराळी, आणि तुमचं उपकरण घरासाठी आहे, म्हणून इथे थोडं थांबते. नागोया ज्या आइची प्रांतात आहे तिथलीच एक घटना आहे. २००७ च्या डिसेंबरमध्ये ओबू शहरात स्मृतिभ्रंश झालेले ९१ वर्षांचे गृहस्थ घराबाहेर पडले आणि रेल्वेखाली सापडून गेले. ८५ वर्षांच्या पत्नीचा जरा डोळा लागला होता, तेवढ्यात. गाड्या खोळंबल्या म्हणून रेल्वे कंपनीने घरच्यांवर भरपाईचा दावा लावला, आणि खालच्या न्यायालयाने पत्नी आणि मुलगा यांनी सुमारे ७२ लाख येन भरावेत असा निकाल दिला. दारावर ये-जा कळवणारा सेन्सर होता, पण बंद ठेवलेला होता, हाही मुद्दा घरच्यांच्या विरोधात वापरला गेला. शेवटी १ मार्च २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कुटुंबाला जबाबदारीतून मोकळं केलं. पुढे कानागावा प्रांतातल्या यामातोसारख्या शहरांनी अशा नुकसानीसाठी विमाही सुरू केला. पण मधल्या आठ वर्षांत देशभरच्या मुलांनी एवढंच लक्षात ठेवलं की बाबा बाहेर पडले आणि आपल्याला कळलं नाही तर खटला होऊ शकतो. २०२३ मध्ये स्मृतिभ्रंशामुळे हरवल्याच्या १९ हजारांवर नोंदी पोलिसांकडे झाल्या. मुलांना कॅमेरे का हवे असतात, हे यावरून कळेल.

आणि आईवडलांना ते का नको असतात? टोकियोत नोकरी करणारी एक मुलगी आईच्या घरी बसवायला कॅमेरा घेऊन आली होती. आई एकटी, गुडघ्यांनी बेजार, डोकं मात्र तल्लख. मी मध्ये बसले होते. आई म्हणाली, ‘मी अंतर्वस्त्रात घरभर फिरते. या वयात आता घरातही नेसून सवरून बसू का?’ मुलगी गप्प. मग मी किटलीचा विषय काढला. झोजिरुशी कंपनीने २००१ मध्ये काढलेली सेवा आहे ही: चहाच्या गरम पाण्याची विजेची किटली, ती वापरली की ठरलेल्या वेळी मुलांना त्याचा ईमेल जातो. बाकी काही नाही. ना चित्र, ना आवाज. आईने विचार केला आणि म्हणाली, ‘म्हणजे मी चहा प्यायले एवढंच कळणार. ते मी फोनवरही सांगतेच.’ किटली आली. पुढे ती मुलीवर रागावली की मुद्दाम एक दिवस किटलीला हात लावत नाही, आणि मुलीचा फोन येतो. याला तुम्ही वापरकर्त्याचा अनुभव म्हणाल. मी म्हणेन, बाईंच्या हातात सूत्र राहिलं.

त्या किटलीत एआय औषधालाही नाही. पण २००१ पासूनचा अनुभव आज तुमच्या बोलणाऱ्या एआयला जसाच्या तसा लागू पडतो. उपकरण नेमकं काय सांगतं आणि काय सांगत नाही, हे ऐंशीच्या बाईंना एका वाक्यात समजलं पाहिजे. तुमच्या माहितीपत्रकात लिहिलंय की ते ‘वर्तनातील बदल ओळखतं’. माझ्या आईने हे वाचलं असतं तर मीच तिच्यावर पाळत ठेवायला हेर पाठवलाय असं म्हणाली असती.

आवाजाबद्दल इशारा. इथल्या ज्येष्ठांना पोलीस, बँका, नगरपालिका वर्षानुवर्षं एकच गोष्ट घोकून घेतात: फोनवर मुलाचा आवाज आला तरी तो मुलगा आहे असं धरू नका. ‘मीच बोलतोय, अपघात झालाय, पैसे पाठव’ आणि तशा इतर प्रकारच्या फसवणुकींत मिळून २०२४ मध्ये ७१ अब्ज येनांच्या वर रक्कम गेली, आणि बळी पडलेल्यांत ज्येष्ठांचा भरणा मोठा. घरचा फोन कायम आन्सरिंग मशीनवर ठेवा, असा पोलिसांचाच सल्ला आहे. अशा पिढीसमोर अचानक गोड बोलणारं यंत्र ठेवलं तर ती संशय घेणारच, आणि तिने तो घ्यावा. आपल्याकडे ‘डिजिटल अरेस्ट’च्या बातम्या वाचून तुमच्या आजोबांनी टॉवेल टाकला असेल, तर ते बुरसटलेले नाहीत, शहाणे आहेत.

उच्चाराचं दुखणं वेगळंच. उत्तर जपानातल्या आओमोरीकडची त्सुगारु बोली टोकियोच्या तरुण डॉक्टरलाही कळत नाही, तिथे यंत्राची काय कथा. हिरोसाकी विद्यापीठाने त्यासाठी वेगळं संशोधन हाती घेतलं. आणि यंत्र नको तेव्हा ऐकतं ते निराळंच. नागासाकीच्या रोबो हॉटेलात खोलीतली बोलकी बाहुली घोरण्याला हुकूम समजून पाहुण्यांना रात्रभर उठवत बसे, ‘पुन्हा सांगता का?’ तिथले निम्म्याहून जास्त रोबो २०१९ पर्यंत काढून टाकले. कवळी काढून ठेवलेल्या, अर्धवट झोपेतल्या कोल्हापूरकडच्या आजी तुमच्या यंत्राला काय बोलल्या, हे त्याला कळतं का ते एकदा रात्री तपासा.

‘ज्येष्ठ’ हा एकच गट धरू नका, हेही सांगायला हवं. पासष्टीचे, अजून नोकरी करणारे जपानी पुरुष आणि नव्वदीच्या, अंथरुणाला खिळलेल्या बाई यांना एका तक्त्यात बसवलं की सरासरी निरर्थक होते. जपानच्या अंतर्गत व्यवहार आणि संवाद मंत्रालयाच्या २०२५ च्या अहवालात जनरेटिव्ह एआय, म्हणजे विचारलं की मजकूर किंवा चित्र तयार करून देणारं एआय, एकदा तरी वापरलेले जपानी सुमारे २७ टक्के निघाले, चीनमध्ये ८० च्या वर, अमेरिकेत ६८ च्या आसपास. म्हणजे ‘रोबोप्रेमी’ जपान इथे शेवटच्या बाकावर. विशीतले सुमारे ४५ टक्के, साठीतले १५ च्या घरात. न वापरणाऱ्यांचं ठळक कारण भीती नव्हतं. माझ्या आयुष्यात त्याची गरज नाही, असं त्यांनी सांगितलं. आंतरराष्ट्रीय पाहण्यांतही जपान असाच दिसतो: एआयची धास्ती कमी, आणि हुरूपही बेताचाच. याला स्वीकार म्हणायचं की ‘असेल बापडं’ म्हणायचं? मी दुसरं म्हणते.

आता पुणे. जपानमध्ये तुमच्यासारखं उपकरण बसतं तेव्हा त्याच्यामागे एक यंत्रणा आधीच उभी असते. २००० सालापासून काळजी विमा आहे, चाळिशीनंतर प्रत्येकाकडून हप्ता घेतला जातो, गरजेची पातळी ठरवून दिली जाते, सेवेची आखणी करणारा केअर मॅनेजर असतो, वस्तीपातळीवर मदत केंद्र असतं. याकुल्ट या दुधाच्या पेयाच्या बाटल्या घरोघर देणाऱ्या बायकासुद्धा १९७२ पासून फुकुशिमातल्या कोरियामा शहरापासून सुरू झालेल्या उपक्रमात एकट्या म्हाताऱ्यांची विचारपूस करतात. इतकं असूनही २०२४ मध्ये घरी एकट्याने मरण पावलेल्यांची पोलिसांकडची संख्या ७६ हजारांवर होती आणि त्यातले ५८ हजार पासष्टीच्या पुढचे. तेव्हा जपानने प्रश्न सोडवलाय असंही समजू नका. पण अलार्म वाजला तर कोण जाणार, याचं काही ना काही उत्तर इथे लिहिलेलं असतं.

तुमच्या यंत्राचा अलार्म न्यू जर्सीतल्या मुलाला जातो. त्याच्याकडे तेव्हा मध्यरात्र असू शकते. तो कोणाला फोन करणार? तुमच्या पत्रकात याचं उत्तर नाही, आणि मला खात्री आहे की आजी-आजोबांनी ते पहिल्याच दिवशी ओळखलं. खरं उत्तर बहुधा त्यांच्या स्वयंपाकाच्या मावशी, समोरच्या फ्लॅटमधल्या वहिनी किंवा सोसायटीचा वॉचमन हे आहे. चाचणीत या तिघांपैकी कोणालाच तुम्ही भेटलेला नाहीत. पुढच्या फेरीत उपकरण बसवायला जाल तेव्हा आधी मावशींना भेटा. अलार्म त्यांच्या फोनवर गेला तर त्या येतील का, त्याचे पैसे कोण देणार, त्या गावाला गेल्या तर दुसरं कोण, किल्ली कोणाकडे, हे लिहून घ्या आणि आजींना वाचून दाखवा. यंत्र माणसाला बोलावतं हे दिसलं तर टॉवेल निघेल, असा माझा अंदाज. निदान जपानमध्ये तसं घडताना मी पाहिलंय.

बंद करायचं बटण मोठं आणि समोर ठेवा. बंद केल्याचा निरोप मुलांना जाऊ देऊ नका, नाहीतर ते बटण राहत नाही, तक्रारपेटी होते. मुलांना हे पटणार नाही. पैसे तेच देतात, त्यामुळे तुमचा धंदा इथेच अवघड आहे आणि त्याला माझ्याकडे तोड नाही. गोळ्यांच्या आठवणीपेक्षा, ज्यांच्यासाठी त्यांना दुसऱ्याचं तोंड बघावं लागतं अशी कामं शोधा: विजेचं बिल ऑनलाइन भरणं, बँकेचा संदेश वाचून समजावणं, हॉस्पिटलची वेळ घेणं, त्याच त्याच गोष्टी सुनेला तिसऱ्यांदा विचारणं. जपानी लोकांनी २०१३ मध्ये संकोचाचं जे कारण दिलं होतं ते सदाशिव पेठेत बदलेल असं मला वाटत नाही.

आणि टॉवेलवाल्या आजोबांकडे परत जा, मुलाला न घेता. ‘आवडलं का’ असं विचारू नका, तोंडदेखलं ‘छान आहे’ येईल. कधी झाकलंत, तेव्हा घरात काय चाललं होतं, आणि ते कोणाला कळू नये असं वाटलं, एवढं विचारा. अशी आठदहा घरांची उत्तरं मला पाठवा. आवाज तरुण मुलीचा ठेवायचा की प्रौढ बाईचा, हा तुमचा दुसरा प्रश्न त्यानंतर घेऊ.